इथेनॉल इंजिन 'थंड' करतं म्हणे! मग टर्बो गाडीत लोक पाणी का मारतात?

एप्रिलची दुपार. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीला गाड्यांची रांग लागलेली. त्यात एक टर्बो पेट्रोल एसयूव्ही एसी फुल ठेवून पाच-सात मिनिटं जागच्या जागी धुमसत उभी. वाट मोकळी होते, चालक एक्सिलेटर दाबतो आणि गाडी जरा रुसल्यासारखीच पुढे सरकते. सकाळी सातला हायवेवर सुसाट गेलेली हीच ती गाडी. पेट्रोल तेच, चालक तोच. मग गाडी 'बसली' कशी?

अनुभवी मेकॅनिक बॉनेट न उघडताच सांगतो, "हवा तापलीय."

गाडी पेट्रोल पिते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती त्याहून कितीतरी जास्त हवा पिते, याकडे मात्र लक्ष जात नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. ही हवा गरम असेल तर इंजिनचं गणित बिघडतं. आत जाणारी हवा थंड कशी करायची, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची जी उत्तरं निघाली त्यातलं सगळ्यात मजेशीर उत्तर म्हणजे इंजिनात चक्क पाणी फवारणं.

हा विषय आत्ता निघायचं कारण मात्र पाणी नाही, इथेनॉल आहे.

मंत्रालयाच्या खुलाशातलं ते एक वाक्य

ऑगस्ट 2025 मध्ये ई20 पेट्रोलवरून सोशल मीडियावर रान उठलं होतं. ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मायलेज पडलं, रबरी पाइप खराब होतात, जुन्या गाड्यांचं काय, अशा पोस्टचा पाऊस पडला. तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानं खुलासा केला. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा 108.5 च्या आसपास असतो आणि पेट्रोलचा 84.4, त्यामुळे आधुनिक इंजिनांना ई20 चा फायदाच होतो, असं त्यात म्हटलं होतं. त्यालाच जोडून आणखी एक मुद्दा होता. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते. त्यामुळे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान उतरतं, मिश्रण घट्ट होतं आणि इंजिन जास्त दम घेऊ शकतं.

मायलेजच्या भांडणात हा मुद्दा फारसा कुणी वाचला नाही. पुढे 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली आणि चर्चाही ओसरली. पण कोल्हापूरसारख्या जिल्ह्यासाठी तो मुद्दा महत्त्वाचा होता. इथे एका बाजूला उसाची मळी आणि रसापासून इथेनॉल काढणारे साखर कारखाने आहेत. दुसऱ्या बाजूला शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरच्या फौंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, जिथे इंजिनचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. पिस्टन बनवणारी कंपनी याच गावात आहे. इथेनॉल पिकवणारे आणि इंजिन घडवणारे एकाच जिल्ह्यात राहतात, आणि एमएच-09 च्या गाडीवाल्यांचा गाडीचा नाद किती खुळा आहे हे वेगळं सांगायला नको.

तर मंत्रालय म्हणालं ते खरं आहे का? तत्त्वानं खरं आहे. किती खरं, हे कळायला आधी टर्बो समजून घ्यावा लागेल.

पंप मारला की नळी का तापते?

सायकलीत हवा भरताना पंपाच्या तळाला हात लावून बघा, चटका बसतो. हवा दाबली की ती तापते. टर्बो दुसरं काही करत नाही. एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, मग जास्त पेट्रोल, मग जास्त ताकद. म्हणून तर आज एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन पूर्वीच्या दीड लिटरच्या इंजिनाला ऐकत नाही. नेक्सॉन, फ्रॉन्क्स, व्हेन्यू, टायगुन, मॅग्नाइट... रस्त्यावर टर्बो पेट्रोल गाड्या आता पैशाला पासरी झाल्यात.

आता ढोबळ हिशेब मांडू. बाहेर 40 अंश तापमान आहे आणि टर्बोनं हवा दुप्पट दाबली. टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर दाबलेली हवा 138 अंशांच्या आसपास जाते. म्हणजे पाणी उकळतं त्याच्याही बरीच वर. ही हवा इंटरकूलरमधून, म्हणजे बंपरच्या मागे बसवलेल्या जाळीदार कूलरमधून फिरवली की ती 70 अंशांपर्यंत येते. एवढ्यानं काय साधलं? त्याच दाबाला 70 अंशांची हवा 138 अंशांच्या हवेपेक्षा 20 टक्के घट्ट असते. तेवढा ऑक्सिजन जास्त.

पण इंटरकूलरला वारा लागतो. मिरजकर तिकटीच्या गर्दीत वारा कुठला? पुढे उभ्या असलेल्या केएमटीच्या बसचा गरम धूर तेवढा मिळतो. इंटरकूलर स्वतःच तापून बसतो. सेन्सर हे तापमान वाचतो, कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिनची ताकद स्वतःहून आवरतो. गाडी 'बसते' ती अशी. ती बिघडलेली नसते, स्वतःला वाचवत असते.

ती घाबरते कशाला? नॉकिंगला. पेट्रोल इंजिनात स्पार्क पडला की ज्वाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीत पसरायला हवी. आतलं मिश्रण आधीच फार तापलेलं असलं, तर ज्वाळ पोचायच्या आत लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. हातोडीचा घाव बसावा तसा दाब पिस्टनवर बसतो. गॅरेजच्या भाषेत, इंजिन नॉक मारतं. असे घाव काही मिनिटं बसत राहिले तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं किंवा रिंगांमधली भिंत तुटते. मग इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नसतं आणि त्या बिलाला हजारात मोजत नाहीत.

हे टाळायचे नेहमीचे दोन उपाय. एक, स्पार्कचं टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे ताकद सोडायची. दोन, गरजेपेक्षा जास्त पेट्रोल टाकायचं. हो, जळायला नाही, नुसतं थंड करायला! वाफ होताना पेट्रोल थोडी उष्णता ओढून घेतं. बॉश कंपनीचं म्हणणं असं की आधुनिक पेट्रोल इंजिनंसुद्धा जवळपास एक पंचमांश इंधन वाया घालवतात, आणि जास्त आरपीएमला त्यातलं काही केवळ थंडाव्यासाठी खर्च होतं. शंभरीच्या पुढचं पेट्रोल कूलरचं पाणी म्हणून वापरायचं, असा हा प्रकार.

मग थेट पाणीच का नको?

माठातलं पाणी गार का होतं? माठाच्या अंगावरून झिरपलेलं थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात पाणी मारतात, खिडकीला वाळ्याचा पडदा लावतात, डेझर्ट कूलर वापरतात, सगळ्यामागे एकच गोष्ट. वाफ व्हायला उष्णता लागते आणि पाण्याइतका उष्णतेचा हावरट दुसरा स्वस्त द्रव नाही. एक ग्रॅम पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे 0.35 किलोज्यूल उष्णता लागते. इथेनॉलला 0.9 च्या आसपास, मिथेनॉलला 1.1 च्या आसपास. पाण्याला तब्बल 2.4.

म्हणजे एक किलो हवेत 10 ग्रॅम पाणी, दोन चमचेच म्हणा, धुक्यासारखं फवारलं आणि त्या सगळ्याची वाफ झाली तर हवा साधारण 24 अंशांनी उतरते. प्रत्यक्षात सगळं पाणी वाटेतच विरत नाही. काही थेंब सिलिंडरमध्ये पोचतात आणि पिस्टन मिश्रण दाबत असताना त्यांची वाफ होते. तेही बरंच, कारण नॉकिंगची भीती नेमकी तिथेच असते. पाण्याची वाफ जळत नाही, उलट जळणाचा भडका थोडा आवरते. तापमान उतरलं की कॉम्प्युटरला स्पार्कचं टायमिंग पुढे नेता येतं, जादा पेट्रोल ओतावं लागत नाही, टर्बोचा दाबही थोडा वाढवता येतो. पाण्यानं ताकद 'मिळते' ती अशी, आडवाटेनं. पाणी स्वतः एक कणभरही ऊर्जा देत नाही.

हे ठासून सांगायला हवं. व्हॉट्सअॅपवर दर दोन-चार महिन्यांनी 'पाण्यावर चालणारी गाडी' फिरते. गाडी पाण्यावर चालत नाही, कारण पाणी हे हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेली राख आहे असं समजा. राख पुन्हा जळत नाही. 1996 मध्ये तमिळनाडूच्या रामर पिल्लईनं झाडपाल्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा करून देशभर खळबळ उडवून दिली होती. वीस वर्षांनी, 2016 मध्ये, चेन्नईच्या सीबीआय कोर्टानं त्याला दोषी धरून तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्यामुळे 'किट बसवा, पाण्यावर चालवा' असं कुणी म्हणालं तर खिशावर हात ठेवा.

लढाऊ विमानापासून ते लष्कराच्या अॅव्ह्रोपर्यंत

इंजिनात पाणी फवारण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाले. हंगेरीचे इंजिनिअर दोनात बांकी यांनी 1890 च्या दशकात असं इंजिन बनवलं होतं. पण या युक्तीला खरा भाव आला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या पी-47 थंडरबोल्ट विमानातलं प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन 2000 हॉर्सपॉवरचं होतं. पाणी फवारलं की काही मिनिटांसाठी ते 2300 पर्यंत जायचं. शत्रू पाठीमागे लागला असताना ती काही मिनिटंच महत्त्वाची. ब्रिटिश हवाई दलाची थंडरबोल्ट विमानं 1944 पासून भारतातल्या तळांवरून ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडाली. तिकडे जर्मनांनी 'एमडब्ल्यू 50' नावाचं मिश्रण काढलं होतं. अर्धं मिथेनॉल, जवळपास अर्धं पाणी आणि गंज धरू नये म्हणून किंचित तेल. मिथेनॉल टाकल्यानं पाणी वरच्या थंड हवेत गोठत नाही आणि ते स्वतः जळतंही.

भारतातही ही युक्ती दशकानुदशकं वापरात आहे, फक्त कुणी बोलत नाही. कानपूरला एचएएलनं बनवलेली अॅव्ह्रो विमानं 1960 च्या दशकापासून हवाई दलात आहेत. त्यांच्या रोल्स-रॉइस डार्ट इंजिनात उड्डाणाच्या वेळी पाणी-मिथेनॉल फवारण्याची सोय असते. कारण तेच. मे महिन्यात तापलेल्या धावपट्टीवर हवा विरळ होते आणि इंजिनचा दम कमी पडतो. तो दम पाण्यानं भरून काढायचा. या अॅव्ह्रोंच्या जागी आता सी-295 येत आहेत.

गाड्यांमध्ये मात्र पाण्याचं नशीब फारसं उघडलं नाही, आणि त्याची गोष्ट मनोरंजक आहे.

1962 मध्ये अमेरिकेच्या ओल्ड्समोबिलनं जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. 215 घन इंचांचं, म्हणजे साडेतीन लिटरचं इंजिन आणि ताकद 215 हॉर्सपॉवर. त्या काळी हा आकडा डोळे फिरवणारा होता. नॉकिंग होऊ नये म्हणून 'टर्बो रॉकेट फ्लुइड' नावाचा द्रव टाकीत भरायचा. नाव भारी, आत मात्र डिस्टिल्ड पाणी, मिथेनॉल आणि गंजरोधक. अडचण एकच झाली. लोक ते भरायला विसरायचे. बाटली रिकामी झाली की गाडी स्वतःच टर्बोचा दाब उतरवायची आणि मालक तक्रार घेऊन शोरूमला यायचे, "गाडी पळत नाही." दोन वर्षांत दहा हजारांहूनही कमी गाड्या विकल्या गेल्या. पुढे कंपनीनंच कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. इंजिनिअरिंग पास झालं, पण माणसाच्या विसरभोळेपणापुढे हरलं.

फॉर्म्युला वनमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रेनॉ आणि फेरारीनं टर्बो गाड्यांमध्ये पाण्याचा वापर केला. 1984 ला तर पाण्यावरून मोठा वाद झाला. टिरेल संघाच्या गाड्यांना टर्बो नव्हता, तरी त्यात पाण्याची टाकी होती. शर्यत संपत आली की ती पिटमध्ये भरली जायची, आणि त्या पाण्यात शिशाच्या गोळ्या निघाल्या. शर्यतभर गाडी हलकी पळवायची आणि वजनकाट्यावर जाण्याआधी जड करायची, असा आरोप झाला. संघाला त्या वर्षीच्या अजिंक्यपद स्पर्धेतून बाद करण्यात आलं. पाण्यात पैसे दडवणारे दूधवाले आपल्याला माहीत आहेत, हे त्यातलेच पण वरच्या इयत्तेतले.

त्यानंतर 2015 उजाडावं लागलं. बीएमडब्ल्यूनं एम4 जीटीएस आणली. बॉशची पाणी फवारणी कारखान्यातूनच बसवलेली. साधी एम4 होती 431 हॉर्सपॉवरची, ही 500 ची. डिकीत पाच लिटरची टाकी, गाडी बंद केली की नळ्यांमधलं पाणी परत टाकीत यायचं, म्हणजे हिवाळ्यात ते गोठून नळी फुटायला नको. मोजक्याच गाड्या बनल्या. बॉशनं नंतर ही यंत्रणा सर्वसामान्य गाड्यांसाठीही पुढे केली. विशिष्ट परिस्थितीत इंधनात 13 टक्क्यांपर्यंत बचत, दर 100 किलोमीटरला काहीशे मिलिलिटर पाणी, आणि टाकी 3000 किलोमीटरला एकदा भरायची, असा त्यांचा दावा होता. 13 टक्क्यांचा आकडा गाडी दाबून पळवताना मिळणारा आहे. महाद्वार रोडला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला पाण्याचा उपयोग जवळपास शून्य.

पुढे कार कंपन्यांचा पैसा हायब्रिड आणि इलेक्ट्रिककडे वळला आणि पाण्याची टाकी मागे पडली. भारतात शोरूममधून पाणी फवारणीसह मिळणारी सर्वसामान्य गाडी नाही.

मग इथेनॉलनं किती थंड होतं?

आता मंत्रालयाच्या मुद्द्याकडे परत येऊ. एक किलो हवेसाठी साधं पेट्रोल सुमारे 68 ग्रॅम लागतं. त्याची वाफ व्हायला 24 किलोज्यूल उष्णता लागते. ई20 लागेल 74 ग्रॅमच्या आसपास आणि त्याला लागतील 35 किलोज्यूल. फरक 11 किलोज्यूलचा, म्हणजे फार तर 11 अंशांचा. तोही तेव्हा, जेव्हा सगळी वाफ हवेतून उष्णता घेऊन होते. ज्या गाड्यांमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं तिथे हा फायदा बऱ्यापैकी मिळतो. ज्या गाड्यांमध्ये ते मॅनिफोल्डमध्ये गरम व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं, तिथे बरीचशी उष्णता धातूतून येते आणि हवा तेवढी थंड होत नाही. आपल्याकडच्या स्वस्त गाड्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारातल्या.

म्हणजे मंत्रालयाचा मुद्दा विज्ञानाला धरून आहे, पण त्याचा लाभ ज्या इंजिनाला मिळतो ते इंजिन तुमच्याकडे असायला हवं. ऑक्टेन वाढला आणि हवा थंड झाली, तरी इंजिनचं टायमिंग आणि कॉम्प्रेशन जुन्याच पेट्रोलसाठी ठरवलेलं असेल तर ती शिल्लक पडूनच राहते. इथेनॉलची लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते, ती घट मात्र प्रत्येक गाडीला सोसावी लागते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं होतं, की बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून ई10 साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई20 वर 6 ते 7 टक्के घटेल आणि ई10 साठी बनवून ई20 साठी जुळवलेल्या गाड्यांचं 1 ते 2 टक्के. सोशल मीडियावर 'निम्मं मायलेज गेलं' म्हणणारे आणि 'काहीच फरक पडत नाही' म्हणणारे, दोघांनीही हा अहवाल उघडलेला दिसत नाही.

आणि हो, फवारलेलं पाणी आणि टाकीतलं पाणी यात गल्लत नको. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी जास्त साचलं तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी हातमिळवणी करतं आणि तळाला बसतं. पंप नेमका तिथूनच ओढतो. गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पुरातली गाडी का मरते मग?

इथे कोल्हापूरकराला साहजिक प्रश्न पडतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाण्यात घातलेल्या कितीतरी गाड्या बंद पडल्या. इंजिनात पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, हे शहरातल्या पोरालाही ठाऊक आहे. मग मुद्दाम पाणी मारायचं म्हणजे वेडेपणाच की!

सगळा खेळ मापाचा आहे. एक लिटरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन अगदी वर आल्यावर डोक्यावर उरते फक्त 35 मिलिलिटरच्या आसपास जागा. कटिंग चहाच्या ग्लासाच्याही निम्मी. पुरात एअर फिल्टरमधून एवढं पाणी एका घोटात आत गेलं की पिस्टन वर येऊच शकत नाही, कारण पाणी दबत नाही. मग रॉड वाकतो. फवारणीत एका वेळी एका सिलिंडरमध्ये जातं 7 मिलिग्रॅमच्या आसपास पाणी. म्हणजे त्या घातक घोटाचा पाच हजारावा हिस्सा. तेही धुक्याच्या रूपात. फुल एक्सिलेटरवर मिनिटाला 50 ग्रॅमच्या आसपास पाणी लागेल, असा ढोबळ हिशेब निघतो.

गॅरेजमध्ये खरा प्रश्न कुठला?

कोल्हापूरला मोटरस्पोर्टचं वेड जुनं आहे. गावाजवळ गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. कृष्णराज महाडिक इथूनच ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचले, ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या शर्यतींमध्ये उतरले. हे वेड रस्त्यावर आलं की रिमॅपिंग, स्टेज 1, स्टेज 2 अशी भाषा सुरू होते. म्हणजे कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवायचा. दाब वाढला की हवा आणखी तापते, आणि मग कुणीतरी पाणी-मिथेनॉलचं किट सुचवतं. एक टाकी, एक जोरदार पंप, एक नोझल आणि टर्बोचा दाब ठरावीक पातळीला गेला की पंप चालू करणारा स्विच. बघायला गेलं तर काहीच अवघड नाही.

अवघड आहे ते जेटफायरच्या मालकांना जमलं नाही तेच. इंजिन एकदा पाण्याच्या भरवशावर ट्यून केलं आणि टाकी रिकामी झाली, नोझल चोंदली किंवा पंपाचा फ्यूज उडाला, तर वाढवलेला दाब आणि पुढे नेलेलं टायमिंग तसंच राहतं. थंडावा तेवढा गायब होतो. पुढच्याच घाटात पिस्टनला भोक. जेटफायर निदान स्वतः दाब उतरवायची. प्रवाह कमी पडला की दाब आपोआप पाडणारी सोय नसलेलं स्वस्त किट म्हणजे ब्रेक नसलेली सायकल. बोअरचं किंवा नळाचं पाणी टाकलं तर क्षार नोझलमध्ये आणि व्हॉल्व्हवर बसतात. त्यासाठी डिस्टिल्ड पाणी, म्हणजे बॅटरीचं पाणीच लागतं. मिथेनॉलबद्दल तर बोलायलाच नको. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, ती याच मिथेनॉलमुळे. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. डिकीत त्याचा कॅन घेऊन फिरणं हा शौक नव्हे.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी जाते ती वेगळी आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत मिळतं. बंद ट्रॅकवर, शर्यतीच्या गाडीत प्रयोग करणाऱ्यांची गोष्ट निराळी.

मग मिरजकर तिकटीवर बसलेल्या त्या गाडीनं काय करावं? फारसं काही नाही. इंटरकूलरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि पाला काढून घ्यावा. नंबर प्लेटच्या फ्रेम आणि दिव्यांच्या पट्ट्यांनी बंपरचं तोंड बुजवलं असेल तर ते मोकळं करावं. गर्दीतून सुटल्यावर मिनिट-दोन मिनिटं सावकाश चालवली की वारा लागतो आणि गाडी पुन्हा खुलते.

एक गंमत मात्र राहिली. 2015 मध्ये बीएमडब्ल्यूनं वन सिरीजची एक प्रायोगिक गाडी दाखवली होती. तिच्या टाकीत पाणी भरायची गरजच नव्हती. एसी चालू असताना हवेतल्या ओलाव्याचं जे पाणी होतं ते गोळा करून ती इंजिनात फवारत होती. तेच पाणी, जे आत्ता मंगळवार पेठेत एसी लावून उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीखाली थेंब थेंब टपकतंय.